गुळाचं पृष्ठफळ

दहावीच्या भूमितीत 'महत्त्वमापन' नावाचं प्रकरण असतं. त्यातली माणसं बादल्यांना बाहेरून रंग देतात, शंकूच्या तंबूत राहतात आणि त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूची त्रिज्या साताच्या पाढ्यातली असते. माझ्या भाचीला परवा असाच एक शंकूछेद मिळाला. वरची त्रिज्या १४ सेंटिमीटर, खालची ७, उंची २४.

"मामा, बादलीला रंग देतं तरी कोण?"

प्रश्न रास्त होता. पण कोल्हापूरच्या पोरीला शंकूछेदासाठी बादलीपर्यंत जावं लागावं? शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे होतात, २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते सगळं या आकाराच्या जिवावर! काहिलीतला पाक वाफ्यात निवतो, कापड लावलेल्या साच्यात बसतो आणि खाली निमुळता, वर रुंद असा रवा निघतो. गुळव्याला पाय म्हणजे फक्त भाजायचा अवयव माहीत. २२ भागिले ७ त्याच्या कानावरही गेलेलं नसतं.

आम्ही गणित केलं. तिरकस उंची २५, वक्रपृष्ठफळ १६५०, वरचं-खालचं तोंड मिळून ७७०. एकूण २४२० चौरस सेंटिमीटर.

"एवढा कागद लागेल गुंडाळायला," मी म्हणालो.

"घडीला जादा धर की," आई आतून म्हणाली. हे पुस्तकात नाही.

खरी गंमत पुढं आहे. तीस किलोचा एक रवा घ्या आणि त्याच आकाराचे किलोचे तीस घ्या. गूळ तेवढाच, पण उघडं अंग तिपटीहून जास्त. कागद तिप्पट, मुंग्यांना चढायला जागा तिप्पट, पावसाळी हवेला चाटायलाही तिप्पट. आमच्या दुकानदाराला मी एकदा विचारलं, बारक्या रव्याला किलोमागं दर जास्त का? "कागूद बी लागतोय न्हवं साहेब, आन् बांधणाऱ्याचा हात?" घनमूळ न काढता माणूस उत्तरापर्यंत पोचला होता.

म्हणून आई पावसाळ्याच्या बेगमीला मोठी ढेपच घेते आणि लागेल तसा खडा फोडते. आमची सौ. मात्र गुळाची पावडर आणते. पावडर म्हणजे पृष्ठफळाचा कहर! कण तितकी अंगं. चहात चमचा फिरायच्या आत विरघळते, हे कबूल. पण ज्या वाटेनं चहा आत शिरतो, त्याच वाटेनं आषाढातली हवाही शिरते, आणि कोल्हापूरचा पाऊस काय झाकण बघून पडत नाही.

जुलैत बरणी उघडली. चमचा आत जाईना. उलटी केली, आपटली, तळाला चापट्या मारल्या. शेवटी धप्पकन ताटात एक अखंड ऐवज पडला. वर सपाट, खाली सपाट, बाजूनं गोल. सौ. माझ्याकडं बघेना. आई बत्ता आणायला उठली.

भाची मात्र खुशीत. "वृत्तचिती! मामा, हे सोपंय. थांब आज्जी, फोडू नको, त्रिज्या मोजू दे."