२८ मिलिमीटरचा ब्रह्मदेव

निर्मितीची हौस मनुष्याच्या ठायी उपजतच असते. ती भागविण्यासाठी कोणी लेणी कोरतो, कोणी काव्य रचतो, कोणी सहकारी गृहरचना संस्थेचा चिटणीसही होतो. परंतु अलीकडे पुण्या-मुंबईच्या सदनिकांतून असा एक वर्ग उदयास आला आहे, की जो कारखान्यातून ओतून आलेल्या बोटभर सैनिकाच्या अंगावर, त्याला मुळात नसलेला झगा, नसलेली दाढी आणि नसलेले शौर्य पुट्टीच्या साहाय्याने चढवीत रात्रीच्या रात्री जागवितो. या वर्गातील इसमास मी लघुमूर्तिकार म्हणतो. त्याच्या घरची मंडळी त्याला काय म्हणतात, ते या ठिकाणी नमूद करण्याचे प्रयोजन नाही.

वयाने हा गृहस्थ तिशीच्या पुढचा असतो, दिवसा एखाद्या बँकेत अथवा संगणकाच्या कचेरीत इमानेइतबारे चाकरी करतो, आणि बाह्यतः त्याच्यात वैगुण्य असे काही आढळत नाही. मात्र त्याच्या नखांच्या कडांना स्नानानेही न जाणारी हिरवी झाक असते, खिशात हात घातला तर रुमालाऐवजी बुचात खोवलेला एखादा बिनमुंडक्याचा योद्धा बाहेर येतो, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड वासून पडलेला असतानासुद्धा त्याचे सारे चित्त स्वतःच्या दाढेवर नसून, शेजारच्या तबकातील मेण कोरण्याच्या पोलादी हत्याराच्या टोकावर खिळलेले असते. "डॉक्टर, हे जुनं झालं की टाकूनच देता ना?" हा प्रश्न तोंडातला कापूस निघण्यापूर्वीच त्याने विचारलेला असतो, आणि डॉक्टर त्याचा अर्थ दाढ दुखते असा करून घेतात.

या व्याधीचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा दिवाळीच्या किल्ल्यात सापडते. अळीव पेरून हिरव्या केलेल्या त्या दगडमातीच्या डोंगरावर महाराज सिंहासनस्थ होत, बुरुजाबुरुजावर मावळे पहाऱ्यास उभे राहत, आणि बाकीची मुले फटाक्यांच्या वाटणीत दंग असता हा भावी लघुमूर्तिकार एका मावळ्यास तळहातावर घेऊन खिन्नपणे निरखीत बसे. कारण त्या मावळ्याचे दोन्ही हात साच्याच्या सोयीसाठी धडास चिकटलेले असत, नाक सर्वस्वी रंगाऱ्याच्या भरवशावर सोडलेले असे, आणि मावळा व गवळण ही सख्खी भावंडे असल्याचा संशय येत असे. "ह्याचा हात वर का नाही?" या त्याच्या पृच्छेस त्या वेळी कोणी वडीलधाऱ्याने नीट उत्तर दिले असते, तर पुढचा पुष्कळसा खर्च वाचला असता.

विलायतेत हा नाद पुरातन व प्रतिष्ठित आहे. विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतावयास आरंभ केला, एच. जी. वेल्ससारख्या ग्रंथकाराने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून, प्रौढ गृहस्थांनी जमिनीवर ओणवे होऊन लढाया कशा खेळाव्यात याचे रीतसर नियम घालून दिले. आणि १९८३ मध्ये निघालेल्या 'वॉरहॅमर' या खेळाने तर राक्षस, बुटके आणि चिलखती वीर यांचा असा सुकाळ केला, की तो काढणारी कंपनी ज्या नॉटिंगहॅम शहरात आहे, ते आमच्या लघुमूर्तिकाराच्या लेखी रॉबिनहूडचे गाव राहिलेच नाही. परंतु खुद्द लढाईत त्याला काडीचा रस नसतो. फासे टाकण्याची वेळ येते तेव्हा त्याचे सैन्य कधीच तयार नसते. कोणाचा झगा वाळत असतो, कोणाचे मुंडके बुचावर असते, आणि सेनापती तर गेली दोन वर्षे दाढीच्या प्रतीक्षेत असतो.

आता पुट्टीविषयी. मंडळी जिला 'ग्रीन स्टफ' म्हणतात, ती विलायती पुट्टी फितीच्या रूपाने येते. फितीचा एक काठ पिवळा व दुसरा निळा. पिवळी ती राळ, निळे ते तिला कठीण करणारे द्रव्य. दोन्ही सारख्या मापाने घेऊन, रेघ म्हणून उरणार नाही इतके मळले, की गर्द हिरवा गोळा होतो आणि तेथून सुमारे तास-दीड तास तो माणसाच्या हुकमात राहतो. मग मात्र कोणाची अर्ज-विनंती चालत नाही. निळे अधिक पडल्यास काम लवकर व कडक होते, पिवळे अधिक पडल्यास मऊ आणि चिकट राहते. फितीत हे दोन रंग जेथे एकमेकांस भिडलेले असतात, तेथे पाकिटात असल्यापासूनच आतल्या आत कणी धरलेली असते. म्हणून मधली बारीक पट्टी कापून फेकून द्यावी असा जाणत्यांचा शिरस्ता आहे. परंतु पुट्टीची किंमत आणि तिच्यावरील आयातजकात आठवून नवशिक्याचा हात तेथे आखडतो, आणि त्या काटकसरीचे फळ म्हणून त्याच्या पहिल्यावहिल्या सरदाराच्या गालांवर देवीचे व्रण उठतात. जवळ बसून हे मळणे पाहणारी त्याची सौभाग्यवती एवढेच म्हणते, "एवढ्या वेळात चार माणसांची कणीक मळून झाली असती हो."

फीत संपली आणि नवी जकातीत अडकली, की त्याची दृष्टी स्वयंपाकघराच्या फडताळातील एम-सीलच्या पुडीकडे वळते. एम-सील हीही दोन गोळ्यांची पुट्टीच. मात्र तिचा पोत रवाळ, मुदत तोकडी आणि स्वभाव घाईचा, त्यामुळे चेहऱ्याच्या कामी ती निरुपयोगी. पण योद्ध्याच्या पायाखालचा कातळ, झाडाचे खोड अथवा राक्षसाची पाठ यांस ती झकास लागू पडते. ती पुडी वास्तविक गळक्या नळासाठी आणलेली असते. "अहो, नळाचं काय झालं?" हा तगादा रोज सकाळी लागतो, "उद्या नक्की" हे उत्तर रोज सकाळी मिळते, आणि नळ गळता गळता इकडे राक्षसाच्या पाठीवर मात्र एकेक खवला उगवत जातो.

शिकण्याच्या आरंभीच्या काळात पुट्टी सैनिकाखेरीज सर्वांस चिकटते. बोटास चिकटते, हत्यारास चिकटते, चष्म्याच्या दांडीस चिकटते. हत्यार पाण्यात बुडवावे अथवा त्याला व्हॅसलिनचे पुसटसे बोट लावावे, हा त्यावरचा रूढ उपाय. पण जुनी खोडे हत्यार सरळ जिभेवरून फिरवितात आणि नवशिकी पोरे त्यांचे अनुकरण करतात, हे मला मुळीच पसंत नाही. कच्ची पुट्टी पोटात जाण्याची वस्तू नव्हे, कित्येकांच्या कातडीसही ती सोसत नाही. हातमोजे घातल्याने कलावंताच्या प्रतिष्ठेस बाध येत नाही.

त्याची खरी तपश्चर्या पाहावयाची तर झग्याच्या वेळी पाहावी. हरभऱ्याएवढा गोळा तो व्हॅसलिन लावलेल्या प्लास्टिकच्या दोन तुकड्यांत दाबून कागदाइतका पातळ करतो, त्याला थोडा वेळ तसाच राहू देतो, जेणेकरून पुट्टी किंचित आवळून येते आणि उचलताना फाटत नाही. मग पात्याने कड कापून, श्वास रोखून, ते इवलेसे वस्त्र योद्ध्याच्या खांद्यांवर टेकवितो आणि बोथट टोकाने घड्या पाडू लागतो. येथे त्याला एक महत्त्वाचा शोध लागतो, की घडी मनास येईल तेथे पडत नाही. कापड जेथून ओढले जाते किंवा जेथे अडते, तेथूनच ती निघते. या सिद्धान्ताची रुजुवात घालण्यासाठी तो मध्यरात्री न्हाणीघरातील पंचा खांद्यांवर टाकून, एक हात उगारून, आरशासमोर उभा राहतो. त्या स्थितीत त्याला प्रथम पाहण्याचा प्रसंग बहुधा त्याच्या सासूबाईंवर येतो, आणि त्यानंतर जावयाविषयीचे त्यांचे मत कायमचे बदलते.

झगा साधला म्हणून संकट टळत नाही. पुढून नाक उभारावे, तो मागे अंगठ्याखाली झगा सपाट झालेला. झगा सावरावा, तो तर्जनीने नाक नाहीसे केलेले. एका बैठकीत एकच भाग करावा, तो रात्रभर वाळू द्यावा, मगच दुसऱ्यास हात घालावा, हा यावरचा तोडगा त्याला ठाऊक नसतो असे नाही. परंतु ब्रह्मदेवाने सबंध सृष्टी केली आणि आपल्याला एका रात्रीत एक सरदार होऊ नये, हे त्याच्या मानी मनास पटत नाही. उष्णतेने पुट्टी लवकर वाळते म्हणून तो सरदारास टेबलावरच्या दिव्याखाली उभा करून निजतो. आणि सकाळी भिंगाखाली धरून पाहतो, तो त्या वीराच्या भरदार छातीवर कर्त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, एखाद्या खरेदीखतावर शोभावा इतका स्पष्ट व साद्यंत उमटलेला. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तो वीर बिनहरकत नोंदला गेला असता. कानशीने घासावे, तर हिरवी पुट्टी वाळल्यावरही किंचित लवचीक राहते आणि कानशीस दाद देत नाही. घासण्याजोगी म्हणून वेल्समध्ये होणारी मिलिपुट निराळी मागवावी लागते, आणि काही धूर्त मंडळी दोहोंचे मिश्रण करून दोहोंचे गुण पदरात पाडून घेतात. म्हणजे पुन्हा जकात आलीच.

रविवारी ही मंडळी एकमेकांच्या घरी जमतात, आणि तेथे जो वाद माजतो त्यापुढे जुन्या काळचे वतनाचे तंटे फिके पडावेत. २८ मिलिमीटर हे माप सैनिकाच्या तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरावयाचे की टाळूपर्यंत? डोळ्यांच्या पक्षाचे म्हणणे असे, की शिरस्त्राण घातलेल्या इसमाची टाळू सापडणार कशी. टाळूच्या पक्षाचे म्हणणे असे, की मग उंची या शब्दास अर्थ काय उरला. निकाल आजतागायत लागलेला नाही. मात्र एका बाबतीत सर्वांचे एकमत असते: नवी मूर्ती हातात आली, की तिचे तोंड कोणीही पाहत नाही, प्रत्येक जण ती चटकन उलटी करून पाठ पाहतो, कारण पुढची बाजू सगळेच करतात आणि पाठीवरच माणूस पकडला जातो.

असा हा लघुमूर्तिकार आयुष्यात एकदा तरी पेणला जातोच. तेथे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराच्या शेजारी बसून, तो हात न थरथरता एका मूर्तीवरून दुसऱ्या मूर्तीवर कसा जातो हे पाहता पाहता याचे भान हरपते. आणि अखेरीस धीर करून तो खिशातला आपला सरदार त्या कारागिरापुढे ठेवतो. कारागीर तो उन्हात धरून कौतुकाने पाहतो, उलटा करून पाठ पाहतो (तोही जातीचाच) आणि विचारतो, "छान आहे. मोसमात असे किती निघतात?" यावर आमच्या गृहस्थास चहा आठवतो.

याला वेड म्हणणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. कचेरीत याच्या हातून निघालेला कागद पुढच्या टेबलावर जातो, तेथून त्याच्या पुढच्या, आणि वर्षअखेर तो कोणाचा होता हे कोणी सांगू शकत नाही. टेबलावरच्या दिव्याखाली मात्र याच्या हातून झालेली चूकसुद्धा दुसऱ्या दिवशी दगड होऊन टिकते, आणि ती सर्वस्वी याची एकट्याची असते. अशी मालकी पगारात मिळत नाही. नळापुरते म्हणाल, तर तो एक दिवस नळकारागीर येऊन दुरुस्त करून जातो, आणि त्याची मजुरी 'गृहखर्च' या सदरात पडते.

तेव्हा वाचकांस विनंती इतकीच, की अशा गृहस्थाच्या घरी जाण्याचा योग आल्यास, 'हे विकत किती पडलं असतं' असे विचारू नये, लहान मुलांना काचेच्या कपाटाजवळ एकटे सोडू नये, आणि मूर्ती पाहावयास दिली तर ती खालच्या तळाला धरूनच उचलावी. तलवारीला धरून मुळीच उचलू नये. तिच्यात तार घालावयाची बहुधा राहून गेलेली असते.