आधी ॲडमिट, मग काय?

घरातला माणूस दारूत बुडाला की बायको-आई एकच विनवणी करतात: 'त्याला कुठंतरी ॲडमिट करा.' वर्षानुवर्षं सोसून थकलेल्या बाईला त्यासाठी बोल लावणार नाही. पण दारूचा उपचार म्हणजे खाट, एवढंच सरकारलाही सुचावं?

खाट लागते, नक्की लागते. सकाळी हात थरथरतात म्हणून प्यावी लागणाऱ्या माणसानं एकदम सोडली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, मग भास, भ्रम. त्यात जीवही जातो. अशाला खोलीत कोंडून 'उतरू दे' म्हणणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. त्याला डॉक्टर हवा, औषधं हवीत, बी-१ जीवनसत्त्व हवं.

बाकीच्यांनी कुठं जायचं? २०१९ साली जाहीर झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूपायी मदत लागणारे देशात ५ कोटी ७० लाखांहून अधिक. व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकाला कसलातरी उपचार मिळतो, दाखल होऊन मिळतो तो १८० जणांत एकाला. खाटा दुप्पट केल्या तरी ही रांग हलणार नाही. दारू गल्लीत मिळते आणि उपचारासाठी एसटीनं जिल्ह्याला जायचं!

गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांतच काम करून पाहिलं. घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष निवडले. त्यातल्या निम्म्यांशी मानसोपचाराची पदवी नसलेले, पण शिकवून तयार केलेले समुपदेशक जास्तीत जास्त चार वेळा बोलले. तीन महिन्यांनी या गटातले ३६ टक्के धोक्याबाहेर आले होते, दुसऱ्या गटातले २६. हे पुरुष पूर्ण व्यसनाधीन नव्हते. हाच तर मुद्दा आहे. आपण त्यांना हात लावतो तो लिव्हर गेल्यावर.

दाखल झालेलाही शेवटी त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परततो. १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात घरच्यांना उपचारात सामील करून घेतात, घरी गेलेल्यांचा पाठपुरावा करतात, ते यासाठीच.

तेव्हा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दारूसाठी समुपदेशकाचं पद निर्माण करा आणि भरा. पगारी पद, आशाताईंच्या पिशवीत आणखी एक वही कोंबून नव्हे. आणि रुग्णालयातून घरी सोडताना डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या खाली त्या समुपदेशकाचं नाव आणि भेटीची तारीख लिहून द्या.