हिवाळी पळपुटे

दिवाळीचा फराळ संपत आला, चिवड्याच्या डब्यात नुसते शेंगदाणे उरले, की प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ पळायला लागतात. तुमच्याकडेही आहेत ते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, रक्ताचा रिपोर्ट नुकताच हातात पडलेला, आणि पायांत असे पोपटी बूट की पहाटेच्या अंधारात माणसाआधी बूटच दिसावेत. आमच्याकडच्या नमुन्याला आम्ही भाऊसाहेब म्हणतो. राहतात कोथरूडला, मूळचे सातारचे. आणि विचारलं नाही तरी दुसरी गोष्ट आधी सांगतात.

भाऊसाहेबांचं पहिलं प्रस्थान मी गॅलरीतून पाहिलं. पुण्याचा पारा दहाच्या खाली गेलेला. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, अंगात वहिनींनी विणलेला स्वेटर, त्यावर विंडचीटर. गृहस्थ पळायला निघालेत की केदारनाथला, कळेना. पळणाऱ्याने घरातून निघताना थोडं कुडकुडावंच, दहा मिनिटांत अंग आपसूक तापतं, असं मी त्यांना सुचवून पाहिलं. "तुम्ही पळता का?" एवढंच त्यांनी विचारलं. विषय मिटला. दुधाच्या केंद्रापाशी मफलर सुटला, पुढच्या चौकात विंडचीटर, अमृततुल्यापाशी स्वेटर. अमृततुल्यवाल्याने आता गल्ल्यामागे त्यांच्यासाठी एक खिळाच ठोकून ठेवला आहे.

पण कपड्यांचं सोडा. खरी गोष्ट घड्याळाची.

हे घड्याळ त्यांच्या मुलाने अमेरिकेहून पाठवलंय. उपग्रहाला विचारून ते अंतर मोजतं, नाडी मोजतं, झोप मोजतं, आणि त्याला एक बटण आहे. बटण दाबलं की वेळ थांबते. भाऊसाहेबांना पळण्यात काय आवडतं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर हेच असेल : ते बटण.

कुत्रं भुंकलं, पॉज. बुटाची नाडी सुटली, पॉज. ओळखीचं कुणी भेटलं, पॉज. आणि त्यांना कर्वे पुतळ्यापासून डहाणूकर कॉलनीपर्यंत सगळेच ओळखतात. पहाटे साडेपाचला लाल सिग्नलला थांबणारा पुण्यातला हा एकमेव माणूस असावा. नुसता थांबत नाही, हिरवा असला तर लाल व्हायची वाट बघतो. चढ लागला की पॉज करून चालत वर जायचं आणि माथ्यावर पुन्हा घड्याळ सुरू करायचं. "चढ पळण्यात धरत नाहीत," हा त्यांचा नियम. चहा तर अर्थातच पॉजमध्ये. साडेपाचला निघालेले भाऊसाहेब सव्वासातला परततात आणि सोसायटीच्या ग्रुपवर आकडा पडतो : पाच किलोमीटर, एकतीस मिनिटं. खाली घामाने निथळलेला फोटो आणि तीन अंगठे, त्यातला एक वहिनींचा. "आमच्या ह्यांना अर्धा तास पळायला पावणेदोन तास लागतात," असं त्या जिन्यात सांगतात.

पुढे पुढे ती सवय हाडीमाशी खिळली. वार्षिक सभेत सेक्रेटरींनी थकलेल्या मेंटेनन्सचा विषय काढला की भाऊसाहेबांचा उजवा हात डाव्या मनगटाकडे जातो. लग्नात आहेराच्या रांगेत, बँकेत, वहिनींचा आवाज चढला की हात मनगटाकडे. एका शोकसभेत दोन मिनिटं स्तब्धता पाळायची होती. सगळ्यांच्या माना खाली, आणि त्या शांततेत बारीकसं 'टिक्' ऐकू आलं. मी वर बघितलं नाही. गरजच नव्हती.

एकदा मी त्यांना त्यांच्याच जिल्ह्यावरून चिमटा काढला. माण तालुक्यातल्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, जगात दहाव्या आल्या. त्या शर्यतीत 28 अडथळे असतात, शिवाय सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. "भाऊसाहेब, त्यांनी एकदा तरी पॉज केलं का?" भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले, "त्यांच्याकडे हे मॉडेल नसणार."

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी ते मुंबईला गेले. महिनाभर ते 'मॅरेथॉनची तयारी' म्हणत होते. मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर, भाऊसाहेबांनी नाव नोंदवलं होतं दहाला. पण असल्या बारकाव्यांवर रिकामटेकड्यांनी बोलावं. आदल्या रात्री मेव्हणीकडे दादरला मुक्काम, बॅगेत माकडटोपी. मुंबईत जानेवारीतही पहाटे घाम फुटतो हे पुणेकराच्या गळी कोण उतरवणार?

तिथे एक घात झाला. अशा शर्यतीत छातीवरच्या नंबराला मागून चिप चिकटवलेली असते. सुरुवातीच्या पट्टीवरून गेलात की तुमची वेळ सुरू, शेवटच्या पट्टीवरून गेलात की बंद. मध्ये बटण नाही. भाऊसाहेबांच्या घड्याळात दहा किलोमीटरचा एक तास चार मिनिटं झाला. प्रमाणपत्रावर एक तास चौतीस.

अर्धा तास कुठे गेला याचा खुलासा त्यांनी आठवडाभर केला. शौचालयाची रांग. मुंबईचा दमटपणा. ढोलवाल्यांबरोबर काढलेले फोटो. एका आजीबाईंनी आग्रहाने दिलेली चिक्की. सगळं मिळून सतरा-अठरा मिनिटांचा हिशेब लागे, पुढे गाडी अडायची. मी अर्थातच रोज विचारत होतो. अशी संधी कोण सोडतो?

मग शर्यतीचे फोटो आले. नंबर टाकला की आपापले फोटो निघतात. मी त्यांचा नंबर टाकला, हेतू शुद्ध नव्हता. फोटोत भाऊसाहेब फूटपाथवर फतकल मारून बसले होते. मांडीवर कुणा विशी-बाविशीच्या पोराचा पाय. पोराच्या पोटरीत गोळा आलेला असणार, चेहरा पिळवटलेला. भाऊसाहेबांनी त्याचा बूट काढून बाजूला ठेवलेला, एका हाताने टाच धरलेली, दुसऱ्याने पायाची बोटं त्याच्या नडगीकडे दाबलेली. गोळा सोडवायची ती बरोबर रीत. मागून माणसांचा लोंढा पुढे चाललेला.

"हे सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"काय सांगायचं त्यात? ते पॉजमध्ये गेलं ना." त्यांनी फोटोवर एक नजर टाकली. "बूट बघा माझे, किती छान आलेत."

मला जरा रागच आला. वर्षभर चेष्टा करायला जपून ठेवलेला माणूस असा हातचा जातो तेव्हा येतोच. मग आठवलं, आमच्या वॉचमनच्या मुलाचा आयटीआयचा फॉर्म ते भरून देत होते, तेही पहाटे, अमृततुल्याच्या बाकावर. म्हणजे सव्वासातला परतणाऱ्या माणसाच्या पावणेदोन तासांत नुसती कुत्री आणि सिग्नल नव्हते. ग्रुपवर मात्र रोज एकतीस मिनिटंच पडत होती.

म्हणून काही ते धावपटू ठरत नाहीत, हेही सांगून टाकतो. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत गेली की भाऊसाहेबही जातील. पोपटी बूट दूध आणायला लागतील, खिळ्यावर अमृततुल्यवाल्याचं स्वतःचं जाकीट येईल, आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या पळण्याचा विषय निघणार नाही. गेल्या वर्षीही हेच झालं.

तुमच्या गल्लीतले मात्र अजून पळत असतील. पहाटे गाडीवरून जाताना पोपटी बूट दिसले तर डोळ्यांवर अपर मारू नका, डिपर द्या. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून पळणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या बाजूने पळावं. आमचे डाव्या बाजूने, गाड्यांना पाठ करून पळतात. सांगून झालंय, ऐकत नाहीत. तेव्हा सांभाळायचं ते तुम्हालाच.