दहा रुपयांची पुस्तिका

दरवर्षी ५ डिसेंबरला मी शिवाजी पार्कला जातो. चैत्यभूमीची रांग तोवर लांबवर गेलेली असते. मी पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतो. जाडजूड खंड घरी आहेत. मला हव्या असतात पिना मारलेल्या, सोळा नाहीतर बत्तीस पानी पुस्तिका. एकीत आपल्या तालुक्यातल्या सभेला बाबासाहेब आले होते त्याची आठवण, दुसरीत गायन पार्टीची गाणी, तिसरीत शाळकरी पोरांसाठी लिहिलेलं चरित्र. किंमत दहा रुपये, फार तर वीस. प्रकाशकाचा पत्ता म्हणजे बहुतेक वेळा लेखकाचंच घर. साल पुष्कळदा नसतंच.

या पुस्तिका जपायला हव्यात, आणि त्या जपल्या जात नाहीत. मला एवढंच म्हणायचं आहे, पण ते रागानं म्हणायचं आहे.

बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेलं टिकलं तेही मोठ्या कष्टानं. राज्य सरकारच्या चरित्र साधने प्रकाशन समितीचा पहिला इंग्रजी खंड १४ एप्रिल १९७९ रोजी आला. वसंत मून यांनी त्या कामात आयुष्य घातलं. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे मिळाले ते अंक १९९० साली एकत्र छापून निघाले. आज कुणालाही ते वाचता येतात, याबद्दल त्या माणसाचे आभार मानावेत तेवढे थोडे. पुढे हेच काम रखडलं, तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखनाची ही गत, तर त्यांच्याविषयी लोकांनी लिहिलेल्या पुस्तिकांना कोण विचारतो?

तानाजी बाळाजी खरावतेकर यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं मराठी चरित्र १९४६ साली छापलं गेलं ते कराचीत. कराचीत! पुढच्याच वर्षी फाळणी झाली. ते पुस्तक आज आपल्याला ठाऊक आहे, कारण कुणीतरी एक प्रत टाकून दिली नाही. अशा किती प्रती कुणी ना कुणी टाकून दिल्या असतील, या विचारानं मला खरंच झोप लागत नाही.

कायदा आहे. १९५४ चा. प्रत्येक प्रकाशकानं छापलेल्या पुस्तकाची प्रत तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयात, दिल्लीच्या पब्लिक लायब्ररीत आणि आपल्या मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्वखर्चानं पोचवायची. न पोचवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. आता सांगा, नांदेडचा एखादा निवृत्त शिक्षक भविष्यनिर्वाह निधीतून पाचशे प्रती काढतो, त्याला हा कायदा कुणी सांगितला? चार शहरांना पार्सल करायचा खर्च त्याच्या पुस्तिकेच्या किमतीपेक्षा जास्त. दोष त्याला देऊ नका. ग्रंथालयानं उठून त्याच्याकडे जायला हवं.

एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना मी हे बोललो. ते म्हणाले, "सर, पाठीवर नाव नाही, साल नाही, दाखलअंक कुठे टाकू? कपाटात उभी राहत नाही ती." त्याच ग्रंथालयातून जुन्या जयंती स्मरणिकांचे गठ्ठे रद्दीत गेले होते. उभी राहत नाही म्हणून! मग आडवी ठेवा. खोक्यात ठेवा. पिना काढा आधी, त्या गंजतात आणि मधलं पान खातात.

स्मरणिकेच्या जाहिरातींत त्या वस्तीतली दुकानं असतात, वर्गणीदारांच्या यादीत गिरणी कामगारांची नावं असतात. त्या वर्षी कोण बोललं, कुणाची गाणी झाली, महिला मंडळात कोण होतं, हे सगळं तिथं आहे. कुठल्याही मोठ्या चरित्रात ते मिळणार नाही. धनंजय कीर वाचून बाबासाहेब कळतात. बाबासाहेबांना कवटाळून एक समाज कसा उभा राहिला, ते या कागदांतच कळतं.

आणि कागद थांबत नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं, तेव्हा बुद्धभूषण प्रेसही त्या ढिगाऱ्याखाली गेला. बाबासाहेबांनी उभा केलेला छापखाना. एका पहाटेचं काम. वाद कुणाचा कुणाशी होता, यात मला आज शिरायचं नाही. यंत्रं तिथं होती, ती राहिली नाहीत.

मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयानं एक माणूस डिसेंबरात तीन दिवस शिवाजी पार्कवर पाठवावा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर, २० मार्चला महाडला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला. दिसेल त्या पुस्तिकेच्या दोन प्रती विकत घ्याव्यात. विकत, कारण फुकट मागायची ही जागा नव्हे. एक वाचायला, एक जपायला. विकणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरं तिथंच टिपून घ्यावीत. हजार-दोन हजार रुपयांत एका वर्षाचा संग्रह उभा राहतो.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. काल घेतलेल्या पुस्तिकेत हिंगोलीकडच्या एका गावातल्या विहिरीची हकीकत आहे, लेखकानं आजीकडून ऐकलेली. मलपृष्ठावर पेन्सिलीनं लिहिलंय : ५ डिसेंबर, शिवाजी पार्क, समुद्राकडची रांग, दहा रुपये. लेखक स्वतःच स्टॉलवर बसले होते. साल विचारलं, तर म्हणाले, "यंदाचंच आहे, टाकायचं राहिलं." तेही लिहून ठेवलंय.