डाव्या हेडलाइटची यात्रा

सातारा ते सांगली हा सव्वाशेएक किलोमीटरचा प्रवास एरवी अडीच तासांत उरकतो. गळीत हंगाम सुरू झाला की किती वेळ लागणार, ते ट्रॅक्टरवाले ठरवतात. कराडमार्गे पेठ नाका, तिथून डावीकडे इस्लामपूर (आता ईश्वरपूर), मग आष्टा. आष्ट्याच्या अलीकडे एका ओढ्याच्या चढावर आमच्या पुढचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट दमला, सावकाश मागे सरला आणि दहा-बारा उसांनी आमच्या डाव्या हेडलाइटमध्ये गृहप्रवेश केला. शेजारी आमचे मेहुणे होते, निवृत्त मुख्याध्यापक. ते एवढंच म्हणाले, "आला."

ट्रॅक्टरवरचं गाणं चालूच होतं. ट्रॅक्टरवाला उतरला, हेडलाइटमधला एक ऊस उपसून त्यानं माझ्यापुढे धरला. "लय काय न्हाई झालं पाव्हणं. खावा."

तोवर माणसं जमली होती नि ट्रॉलीतला ऊस खात न्यायनिवाडा करत होती. एकमुखी निकाल लागला, "मिटवा की राव!" १९८८च्या मोटार वाहन कायद्यानं थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यामुळं भरपाई ट्रॅक्टरच्या विम्यातून मागता येते. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. एका हेडलाइटसाठी तिथं कोण जातो? म्हणून शहाणी माणसं स्वतःच्याच पॉलिसीवर क्लेम टाकतात.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड हिंदीत म्हणाली, "सर, जवळचा लँडमार्क?"

"ऊस."

"सर, दुसरा काही?"

मी सगळीकडे नीट पाहिलं. "पलीकडेही ऊसच आहे."

क्लेम फॉर्मवर 'अपघात कसा घडला' याला दोन ओळींची जागा असते. ते काम मेहुण्यांनी मागून घेतलं. सुरुवात 'मार्गशीर्षातली प्रसन्न सकाळ होती' अशी झाली आणि पुरवणी जोडावी लागली. दुसऱ्या वाहनाचा क्रमांक म्हणून ट्रॅक्टरचा मिळाला. मागच्या ट्रॉलीवर नंबराच्या जागी 'आई-वडिलांचा आशीर्वाद' होता. मेहुण्यांनी तोही इमानदारीत उतरवला.

सांगलीच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशी सर्वेअर साहेब आले. त्यांनी बॉनेट उघडलं, चॅसी नंबरावर सेलोटेप चिकटवली, वरून पेन्सिल घासली आणि उमटलेला नंबर फॉर्मवर डकवला. मग गाडीभोवती प्रदक्षिणा. मागच्या दारापाशी थबकून म्हणाले, "हा ओरखडा जुना." उत्खननात खापर सापडल्यावर तज्ज्ञ सांगतात, तितक्या खात्रीनं.

पोचे मोजून झाल्यावर घसारा. विम्याच्या हिशेबात काचेला वय नसतं, तिचे पूर्ण पैसे मिळतात. पत्रा गाडीबरोबर म्हातारा होतो. आमची गाडी सहा वर्षांची, म्हणून ४० टक्के वजा. प्लॅस्टिक आणि रबर मात्र जन्मतःच निम्मे. शिवाय लहान इंजिनच्या गाडीला पहिले १००० रुपये आपल्याच खिशातून. झिरो डेप घेतलं की ही कापाकापी बहुतेक टळते, पण पाच वर्षं उलटल्यावर आमच्या कंपनीनं ते देणंच बंद केलं होतं.

"हेडलाइट काच आहे," मी म्हणालो. साहेबांनी समोरच्या काचेवर नख वाजवलं. टिंग. मग फुटक्या हेडलाइटवर. टक. "ऐकलंत? प्लॅस्टिक."

फिटर बिचारा धीर द्यायला आला. "तुमचं बरं म्हणायचं साहेब. २०१९चा पूर आठवतोय न्हवं?" त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली होती. "पाणी वसरल्यावर ज्यानी किल्ली न फिरवता गाडी टो करून आणली, त्यानला पैसे मिळालं. ज्यानी 'चालू हुतीय का बघू' म्हणून स्टार्टर मारला, त्यांच्या इंजिनात पाणी, अन् कंपनी म्हणती, इंजिन पुरानं न्हाई, तुम्ही मोडलं."

साताऱ्याच्या एजंटकाकांनी फोनवर उरलंसुरलं सांगितलं. पाच वर्षं क्लेम न केल्यानं साठलेला ५० टक्के नो क्लेम बोनस आता शून्यावर. म्हणजे हेडलाइटचे अर्धे पैसे आत्ता मिळणार आणि पुढच्या प्रीमियमला परत जाणार.

गाडी ताब्यात घेताना मॅनेजरनं एक कागद पुढे सरकवला. काम समाधानकारक झाल्याचं लिहून द्यायचं होतं.

"आणि समाधान झालं नसेल तर?" मेहुण्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"मग गाडी हितंच."

मी सही केली. मेहुण्यांनी पुरवणी मागितली.