ग्रहणाची वसुली, मुक्काम उटनूर

खग्रास चंद्रग्रहण पाहण्यास उघडे डोळे आणि उघडे आकाश यांखेरीज कोणत्याही साधनाची गरज नसते, हे सर्वश्रुत असूनही, 7 सप्टेंबर 2025 च्या ग्रहणासाठी नानासाहेबांनी जो सरंजाम जमवला होता तो पाहून, आम्ही ग्रहण पाहावयास नव्हे तर ते अडवावयास निघालो आहोत, अशी कोणाचीही समजूत झाली असती. दुर्बीण, तिची तिपाई, पंचांग, छत्री, घोंगडी आणि तुळशीच्या पानांचा डबा एवढे सामान पाहून मी हरकत घेतली, तेव्हा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थाने मला पूर्वदाखलाच काढून दाखवला : 22 जानेवारी 1898 च्या सूर्यग्रहणासाठी अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या कॅम्पबेलने सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला चाळीस फुटी कॅमेरा उभारला, नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर जाऊन बसला, न्यूअल पुलगावला उतरला, "आणि आपण एक तिपाईसुद्धा न्यायची नाही?"

आदिलाबादहून गुडिहत्नूर, इंद्रवेल्ली असा जाणारा उटनूरचा रस्ता सागवानाच्या जंगलांतून व कपाशीच्या शेतांतून वळणे घेत जातो, आणि बसमध्ये तेलुगू, मराठी, गोंडी व उर्दू या चार भाषांत एकाच वेळी तिकिटाचे सुटे पैसे मागितले जातात. त्या कोलाहलात नानासाहेबांचे लक्ष मात्र घड्याळाकडे होते, कारण ग्रहणाचा स्पर्श रात्री 9 वाजून 57 मिनिटांनी असल्याने तीन प्रहर आधी, म्हणजे दुपारी 12 वाजून 57 मिनिटांनी, वेध लागणार होते. बस थांबताच त्यांनी मिरची भजी मागवली. परंतु ती कढईतून पानावर येईतो वेधांचा अंमल सुरू झाला. तेव्हा त्यांनी पंचांग पुन्हा उघडले, बाल, वृद्ध व आजारी यांना वेधांतून काही काळ सवलत असल्याचे कलम शोधले, तत्काळ स्वतःला वृद्ध ठरवले, आणि साठी उलटल्याचा उल्लेखही ज्यांना आजवर खपला नव्हता त्या नानासाहेबांनी त्या एका सवलतीच्या आधारे दोन पाने भजी संपवली.

गोंड राजांचा जुना किल्ला आणि आदिवासी विकासाचे आधुनिक दप्तर एकाच गावी नांदवणारे उटनूर मागे टाकून आम्ही जवळच्या एका पाड्यावर पोहोचलो, तेव्हा तेथील वयोवृद्ध पटेलांनी अंगणात बाज टाकून दिली. भाद्रपदातले ढग आकाशात ये-जा करीत होते. नानासाहेबांनी तिपाई रोवली. परंतु चंद्र बराच वर आल्यामुळे दुर्बिणीस डोळा लावायचा तर गुडघे टेकून मान पाठीकडे मोडावी लागे, आणि त्या आसनात चंद्रापेक्षा स्वतःच्या मानेचेच ज्ञान अधिक होई. पटेल बाजेवर उताणे पडून सगळे पाहत होते.

"पटेल, सप्तर्षी कुठं दिसतात हो इथून?"

"म्हातारीची बाज म्हणता का, साहेब? ते आता डोंगराआड गेली. तिचे तिन्ही चोर बी गेले मागं. उन्हाळ्यात या."

आम्ही ज्यांना ऋषी म्हणून अर्घ्य द्यावयाचे, त्यांतील तिघांची येथे चोर म्हणून नोंद झालेली पाहून नानासाहेब काही क्षण स्तब्ध झाले. इतक्यात स्पर्श झाला. तासाभरात छाया बिंब झाकीत गेली, आणि 11 वाजून 1 मिनिटाने चंद्र नाहीसा न होता तांब्यासारखा लाल झाला. पृथ्वीच्या कडेकडेने ज्या ज्या ठिकाणी त्या घटकेस सूर्य उगवत वा मावळत असतो, तेथील वातावरणातून वाकून आलेला तांबडा प्रकाशच तेवढा चंद्रावर पडतो, असे मी समजावून सांगितले. परंतु पटेलांचे निदान महसुली स्वरूपाचे होते.

"चंद्रानं गरिबापायी दाणे उसने घेतले, साहेब. फिटले नाहीत, म्हून सावकार वसुलीला आला. आमचा आजा असंच सांगे."

ही कथा मध्य भारतातील अनेक जमातींत थोड्याफार फरकाने सांगितली जाते. ग्रहणात दान का द्यावे याचा उलगडाही तीतच आहे, कारण चार मूठ धान्य बाहेर पडले म्हणजे तेवढे कर्ज फिटले. शिवाय हा मुलूख सावकाराला चांगला ओळखतो. निजामाच्या अमदानीत गोंडांच्या जमिनी कर्जापोटी व पट्ट्यांच्या घोळात परक्यांकडे गेल्या, 1940 साली त्याविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कुमरम भीम जोडेघाटला मारला गेला, त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ याच भागातल्या मार्लावाई येथे राहून सरकारला हकीकत कळवू लागला, आणि 1359 फसलीचा आदिवासी क्षेत्रांचा कायदा 1949 साली अमलात आला. त्यामुळे चंद्रावर जप्ती आली म्हणताच पटेलांनी आश्चर्य न दाखवता केवळ सहानुभूती दाखवली.

जप्ती 82 मिनिटे टिकली. 12 वाजून 23 मिनिटांनी उन्मीलन झाले, पूर्वेस कृत्तिका वर चढल्या, आणि 1 वाजून 26 मिनिटांनी मोक्ष झाला तेव्हा मृगाचे तिकांडे झाडांच्या शेंड्यांवर येऊन ठेपले होते. ते पाहून पटेल म्हणाले, "तिफण निघाली." नानासाहेबांनी घड्याळ पाहिले, पंचांगाशी ताडले, आणि एका मिनिटाचाही फरक नाही असा शेरा मारला.

"साहेब, तुमच्या खात्यात होता का असा कोणी," पटेलांनी विचारले, "सांगितल्या वेळेला येणारा, अन् घेतलं ते समदं परत देऊन जाणारा?"

नानासाहेबांनी संपूर्ण सेवाकाळ मनाशी चाळला.

"एक होता," ते म्हणाले. "त्याची बदली झाली."