तीन शिट्ट्यांची जर्मनी

जर्मन शिकायला वर्षभर जर्मनीला निघालेल्या चिरंजिवांची बॅग गेले आठ दिवस कोथरूडमधल्या एका हॉलमध्ये उघडी पडली आहे आणि घरातली प्रत्येक चर्चा कुकरपाशी येऊन थांबते आहे. तीन लिटरचा, अ‍ॅल्युमिनियमचा, आतल्या झाकणाचा. न्यायचा की नाही, हा प्रश्नच नाही. न्यायचा आहेच. 23 किलोंत तो बसवायला बाहेर काय काढायचं, एवढंच ठरायचं आहे.

भाषेच्या वर्गासाठीचा हा व्हिसा जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो. आठवड्याला किमान 18 तासांचा वर्ग दाखवावा लागतो आणि महिन्याकाठी हजारेक युरो या हिशेबाने मुदतीचे सगळे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकवून ठेवावे लागतात. शिवाय एक पत्र द्यावं लागतं : जर्मन शिकायला जर्मनीलाच का यायचंय? चिरंजिवांचं पत्र सल्लागाराने लिहून दिलं. इंग्रजीत. त्या भाषेच्या वातावरणात आकंठ बुडून जाण्याची तळमळ त्यात दोन पानं ओसंडते आहे. चिरंजिवांनी ते वाचलेलं नाही. वडिलांनी त्याचं बिल मात्र दोनदा वाचलं.

आता मुलगा बुडू नये म्हणून घराने कंबर कसली आहे. मारबुर्गमधल्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चिरंजीव व्हिसाच्या आधीच दाखल झाले. खोली मिळाली तीही मराठी घरात : एक लातूरचा, एक नाशिकचा, एक नागपूरचा. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. तिथे बोलायला लातूरकर बरोबर येणार आहे. केस नाशिककर कापतो. दुकानात कार्ड टेकवलं की काम होतं, तोंड उघडावं लागत नाही. आईने फोनवर चौकशी केली ती एकच, वरणभात कोण लावतं? ‘ज्याचा वार असेल तो’ हे उत्तर ऐकून तिचा जीव भांड्यात पडला, आणि भांडं कोणतं हेही तिथेच ठरलं.

खाण्याच्या सामानात नियम आडवे आले. भारतातून युरोपात जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप गेलं, पेढे गेले. फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, त्यामुळे हापूस गेला. दाखल्यातून सूट आहे ती पाचच फळांना : अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. नारळ! आजीने देवाला हात जोडले. मग कोणीतरी सांगितलं, की सुकं खोबरं हे विमानवाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत, आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण ज्या घरात तीन पिढ्या बिनदिक्कत भाजलं गेलं, त्या घराला आपण एवढी वर्षं स्फोटकं हाताळत होतो हे त्या दिवशी कळलं. कुकरवर मात्र कसलीच बंदी निघाली नाही. निघणार कशी? कुकरचा मूळपुरुष, म्हणजे वाफेच्या दाबाने हाडं मऊ करणारं भांडं, 1679 साली लंडनमध्ये लोकांपुढे आलं आणि ते तयार करणारे फ्रेंच गृहस्थ पुढे याच मारबुर्गच्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. म्हणजे कोथरूडचा कुकर आजोळी निघाला आहे. फक्त आजोळच्या कुकरला आता शिट्टी नसते. दाब किती झाला ते झाकणावरची खूण वर येऊन गुपचूप सांगते. आणि आमच्या घरात वेळ मोजायचं दुसरं साधनच नाही : भाताला तीन, तुरीच्या डाळीला चार, राजम्याला सहा. त्यात जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, रविवार तर दिवसभर. वडिलांनी त्यावर वेळापत्रक आखलं आहे : राजमा शनिवारी दुपारी, रविवारी फक्त फोडणीचा भात. खरं तर रविवारी सकाळी सहा शिट्ट्या होऊ द्याव्यात. शेजारच्या आजी दार ठोठावतील, तावातावाने बोलतील, आणि वर्षभरात एकदा तरी चिरंजिवांच्या कानावर वर्गाबाहेरचं जर्मन पडेल. पण दार लातूरकरच उघडेल, म्हणून तीही आशा नको.

आणि चिरंजीव कोरे नाहीत बरं का. आठवी ते दहावी त्यांनी जर्मन घेतलं होतं. दहावीला शंभरपैकी 97. का घेतलं? स्कोअरिंग आहे म्हणून. संस्कृत घेणारेही त्याच कारणाने घेतात, त्यामुळे यात जर्मनांनी वाईट वाटून घेऊ नये. तीन वर्षं पोरं रिकाम्या जागा भरतात, गाइडमधलं ‘माझं कुटुंब’ घोकतात आणि पेपरात ओकतात. 97 गुण घेतलेल्या मुलाला प्यायला पाणी मागता येत नाही. मागायला कोणी सांगतच नाही, कारण तोंडी परीक्षेचे गुण शाळा खिरापतीसारखे वाटते. शिक्षकांना हे ठाऊक, पालकांना ठाऊक, पेपर काढणाऱ्यालाही ठाऊक. टक्केवारी फुगते, सगळे पेढे खातात आणि सात वर्षांनी तोच बाप कर्ज काढून तीच भाषा पहिल्या धड्यापासून शिकायला पोराला सात हजार किलोमीटरवर धाडतो. या धंद्याला शिक्षण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

परवा नागपूरकराने सहज विचारलं, कुकर इंडक्शनवर चालतो ना? घरात शांतता पसरली. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही. तासाभरात जाड बुडाच्या स्टीलच्या कुकरची ऑर्डर गेली. तो जुन्यापेक्षा जड भरला, तेव्हा दोन स्वेटर आणि व्याकरणाचं पुस्तक बाहेर आलं. स्वेटरांवरून वाद झाला.

तेवढ्यात ग्रुपवर निरोप आला : कुकर आणू नका, इथल्या तळघरात परत गेलेल्या मुलांचे पाच पडून आहेत, सगळे इंडक्शनचे. वडील हरखले. आईने चष्मा लावून निरोप पुन्हा वाचला आणि चिरंजिवांना उलट विचारायला लावलं, की त्यांच्या रिंगा कधी बदलल्या होत्या?